तीन कड्या

"हिला कानस लागणार न्हाई," मामा म्हणाले. "एकदा सांगितलं."

दुकानातल्या बुटक्या स्टुलावर ते बसले होते. दोन्ही हात फ्रेमच्या दांड्यावर होते, जणू मी ती हिसकावूनच नेणार होते. मी समोर उकिडवी बसलेली, एका हातात ब्रेकचं नवं कव्हर, दुसऱ्या हातात बारीक गोल कानस. कव्हर कडीतून जात नव्हतं. तोंड निमुळतं कापून पाहिलं, तेल लावून पाहिलं, पिळत पिळत घालून पाहिलं. ते कडीच्या तोंडाशी यायचं आणि तिथंच अडायचं.

"मामा, सूतभरसुद्धा घासायचं नाही. आतून दोन हात फिरवले की झालं."

"कानस टाक खाली."

मी टाकली, पण मनातून नाही.

आमच्या वाईकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. माझे मामा म्हणजे सहा फुटी माणूस. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारलेला, नंतर सायकलचं दुकान टाकलेला. दुकान पुढं, घर मागं. दुकानाच्या छताला वाशाच्या हुकावर जुन्या धोतरात गुंडाळलेली एक फ्रेम टांगलेली असायची. "मामांची रेसची सायकल," असं मला लग्न होऊन आले तेव्हाच सांगितलं होतं. दर दिवाळीला मामा ती काढायचे, पुसायचे, धोतर बदलायचे आणि परत टांगायचे. देव्हाऱ्यातल्या टाकांना एवढा मान नसेल.

मीही सायकलवालीच. लग्नाआधी सांगलीकडून खेळायचे. मधे मुक्ता झाली आणि सायकल सुटली. मुक्ता चालायला लागली तशी मी परत धरली. पहाटे उठून पसरणीचा घाट चढायचा, पाचगणीला शिवून खाली यायचं. तोवर आत्याबाई मुक्ताला सांभाळायच्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हेत. मी घामेजलेली दारात आले की एकच प्रश्न असायचा.

"वर पोचायला किती वेळ लागला?"

मी सांगायचे. "काल बरी पोचली हुतीस," असं म्हणून त्या भाकरी थापायला वळायच्या. मला वाटायचं, स्वयंपाकाला उशीर होतो म्हणून विचारतात.

त्या वर्षी जिल्ह्याची निवड शर्यत आमच्याच दारात होणार होती. वाईतून निघायचं, घाट चढून पाचगणी, आणि तिथून वळून परत वाई. पहिल्या चौघी राज्यस्पर्धेच्या संघात. मी तिशीला टेकले होते. आता नाही तर पुढच्या वर्षी मला शिट्टी देऊन रस्त्याकडेला उभं करतील अशी चिन्हं होती. मी सगळ्या गल्लीला सांगून बसले होते की संघात जाणार म्हणजे जाणार. आणि शर्यत तोंडावर आली असताना सुरूरच्या रस्त्यावर एक म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. ती उठली आणि चालती झाली. मलाही खरचटण्यापलीकडे काही नाही. पण माझ्या सायकलची फ्रेम हँडलपाशी चिरली. चाकं, गिअर, ब्रेक, सगळं धड. नेमकी फ्रेम गेली.

त्या रात्री सगळे जेवायला बसलो. माझा नवरा जयसिंग पानात बघत जेवत होता. घरात वाद निघाला की तो कुंपणावर बसतो, निघायच्या आधीपासूनच बसतो. तेवढ्यात भाकरी वाढता वाढता आत्याबाई म्हणाल्या, "वर टांगलीय ती काय कामाची?"

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई तव्याकडे वळल्या होत्या.

सकाळी मी दुकानात आले तर फ्रेम खाली, धोतर सोडून घडी घालून ठेवलेलं. निळा रंग, एक ओरखडा नाही. मामा म्हणाले, "तुझं सामान हिच्यावर चढवू. पण हिला धक्का लावायचा न्हाई."

जुन्या फ्रेमला नवं सामान म्हणजे आजीला सुनेची चोळी. पण एकेक करत बसत गेलं. मागचा चिमटा नव्या चाकाला अरुंद पडत होता, तो मामांनी हातानं दाबून अलगद फाकवला. हँडलचा दांडा जाड होता, तर त्यांनी जुनाच पॉलिश करून दिला. सीट मात्र वरखाली करावीच लागली नाही. मी बसले आणि पाय जिथं पोचायचा तिथं बरोबर पोचला. माझी आधीची सायकलसुद्धा इतकी बिनतक्रार बसली नव्हती.

"माझ्याच मापाची आहे की ओ मामा."

"जुन्या फ्रेमी बारक्याच असायच्या," मामा म्हणाले आणि पाना शोधायला आत गेले. पाना त्यांच्या खिशात होता.

मग हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मागच्या ब्रेकची वायर हँडलपासून मागच्या चाकापर्यंत दांड्याच्या खालून जाते. या फ्रेमला दांड्याच्या पोटाला तीन छोट्या कड्या होत्या, पितळेनं डाग देऊन बसवलेल्या, बाळाच्या कानातल्या डुलांएवढ्या. त्यांतून वायरचं कव्हर ओवायचं. ज्या काळी त्या केल्या त्या काळी कव्हरं बारीक होती. आता कव्हराला आत नळी, वर प्लास्टिक, सगळं जाडजूड. ते काही केल्या कडीत शिरत नव्हतं.

"मग कड्या सोडून देऊ," मी म्हणाले. "दांड्याला चिकटपट्टीनं बांधू."

"तपासणीला चालंल?"

चालणार नव्हतं. आदल्या वर्षी कुणाचीशी बांधलेली वायर सुटून चाकात गेली होती. तेव्हापासून शर्यतीच्या तपासणीत बांधाबांध दिसली की सायकल बाजूला काढत. वायर फ्रेमच्या आपल्या जागेतूनच गेली पाहिजे.

मामा बराच वेळ कव्हर बोटांत फिरवत बसले. मग माझ्या सामानातलं दुसरं भेंडोळं त्यांनी उचललं. ते गिअरचं कव्हर होतं, ब्रेकच्या कव्हराहून बारीक. त्यांनी टोक पहिल्या कडीला लावलं. सरकन गेलं. दुसरीतून गेलं, तिसरीतून गेलं.

"बसलं की गं!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कव्हर ते कव्हर. आत वायर पळाल्याशी मतलब."

माझी आधीची सायकल पुण्यात एका दुकानात तयार झाली होती. कव्हराच्या पोटात काय असतं हे मला तरी कुठं माहीत? मी ब्रेक दाबला. चाक थांबलं. एवढ्यावर आम्ही दोघंही खूश झालो. कानस मामांनी खोक्यात टाकली आणि खोकं फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटात गेले. मामा मोपेडवरून मागोमाग. चढ छान गेला. फ्रेम लवचीक होती, पायात जोर घातला की पुढं झेपावायची. वर वळून आम्ही खाली निघालो. खाली येताना डावीकडच्या एका मोठ्या वळणावर दरी एकदम उघडी पडते, धरणाचं पाणी दिसतं आणि नवखा माणूस पाण्याकडे बघत राहतो. मी नवखी नव्हते. मी रस्त्याकडेच बघत होते. म्हणून वळणातून वर येणारी एसटी मला वेळेवर दिसली.

दोन्ही ब्रेक दाबले. मागून 'फट्' असा आवाज आला आणि उजव्या हाताची मूठ दांडीपर्यंत मोकळी गेली. मागचं चाक सुटल्यासारखं पळत होतं. नुसता पुढचा ब्रेक जोरात धरला असता तर हँडलवरून उलटी पडले असते. मी तो चिमटीचिमटीनं दाबत सायकल डोंगराच्या अंगाला घातली, चरीतल्या खडीत. खडीनं चाक धरलं. मी आडवी झाले, पायाची नळी सोलली गेली आणि डोकं दगडापासून हातभर अलीकडे थांबलं. एसटी भोंगा वाजवत वर निघून गेली.

मामा मोपेड तशीच रस्त्यात पाडून धावत आले. "पोरी! पोरी!" करत माझ्याजवळ बसले. माझे हातपाय हलवून पाहिले. मग सायकलीकडे पाहिलं. दांड्याखालचं कव्हर फाटलं होतं आणि त्यातून तारा बाहेर आल्या होत्या, खराट्याच्या काड्या सुटाव्यात तशा.

"मी ठीक आहे," मी म्हणाले. माझे दात वाजत होते.

मामा कठड्यावर जाऊन बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले तरी खांदे हलताना दिसत होते. इतका मोठा माणूस असा थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

घरी आलो ते मी मोपेडवर मागं बसून, सायकल खांद्यावर घेऊन. आत्याबाईंनी माझा पाय धुतला, हळद भरली. प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच विचारला नाही.

मामांनी दुकानात बसून फाटलेलं कव्हर पक्कडीनं उभं चिरलं, शेजारी जाड कव्हराचा तुकडा चिरला आणि मला दाखवला. जाडाच्या आत तारेचा पीळ होता, स्प्रिंगसारखा, एकात एक गुंतलेला. बारक्यात नुसत्या उभ्या तारा, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

"गिअरला चालतंय. तिथं जोर न्हाई पडत," ते म्हणाले. "ब्रेकला पीळच लागतो. न्हाईतर दाबलं की पोट फुटतं."

"म्हणजे जाडच घालावं लागणार."

"घालायचं काय न्हाई. रेस बंद."

"काय?"

"बंद म्हंजे बंद. सायकल वर जाणार. तुझा जीव काय रस्त्यावर पडलेला न्हाई."

मी उठून उभी राहिले. पाय ठणकत होता, तरी उभी राहिले. "मामा, ब्रेक का फुटला? तुम्हाला कडी जपायची होती म्हणून. कडी घासू, जाड कव्हर घालू, ब्रेक धरेल. यात रेस कुठं बंद करायची आली?"

"बशीर मिस्त्रीच्या हातचा डाग हाय तो. मिरजेचा बशीर. त्यानं जीव लावून केल्यात त्या कड्या, आणि आता तो न्हाई. उद्या घासताना कडी तुटली म्हंजे परत कोण करणार?"

"तुटली तर तुटली!"

मामा ताडकन उठले. "तुझी हाय काय सायकल, तुटली तर तुटली म्हणायला?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मला रडू आलं. मी ते गिळलं. "नाही," मी म्हणाले. "तुमची आहे."

"व्हय. माझी हाय."

"तुमची?"

आवाज आतल्या दारातून आला. आत्याबाई चौकटीत उभ्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. त्या दुकानात कधी येत नसत. गिऱ्हाईक असो नसो, त्यांचा पाय त्या उंबऱ्याशी थांबायचा. आता त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

"तुमची हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग बसून दावा बरं. टाका टांग."

मामा जागचे हलले नाहीत.

"बसा की. रेसची सायकल तुमची. आमच्या समद्यांच्या देखत बसा."

मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या लांबलचक पायांकडे पाहिलं, मग त्या निळ्या फ्रेमकडे. तिच्यावर बसले असते तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले असते. आजवर हे मला दिसलं कसं नाही, असं वाटलं. इतकी वर्षं ती टांगलेलीच पाहिली होती ना. टांगलेल्या वस्तूचं माप कोण घेतं?

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "माहेरी भुईंजला मी सायकलवर दूध घालायची. दोन बाजूला दोन कॅन. ह्यांनी मला तशीच बघितली, रस्त्यावर. पसंत केलं ते बी त्याच्याच पायी. लगीन झाल्यावर म्हणाले, साताऱ्याला बायकांची रेस निघालीया, तुला घालतो. मला भिताडाला उभी केली, दोरीनं मापं घेतली, टाचेपासनं वर. मिरजेला ती दोरी घेऊन गेले. मिस्त्रीला म्हणाले म्हणं, लेडीज नको, दांड्याचीच कर. माझी बायको पोरगी असल्यासारखी चालवत न्हाई."

मामा स्टुलावर बसले होते. मान खाली.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"गल्ली झाली, दुसरं काय? गोपाळाची बायको कासोटा मारून साताऱ्यात ढांगा टाकणार म्हणून पारावर हसायला लागली माणसं. हे रेसच्या आदल्या दिवशी साताऱ्याला गेले आणि माझं नाव काढून आले. सायकल धोतरात गुंडाळली आणि वर टांगली." त्यांनी पिठाचा हात छताकडे केला. "मी काय बोलली न्हाई. म्हटलं, चार दिवसांनी काढतील. जयसिंग झाला. जयसिंगाचं लगीन झालं. दर दिवाळीला पुसत्यात आन् परत टांगत्यात. लोक म्हणत्यात, बघा कशी जपलीया. मला कुणी विचारलं का कधी, हिला जपायची का चालवायची?"

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली.

मग मामा बोलले, खालीच बघत. "मला वाटलं, तू कधीतरी मागशील. मागशील तवा हाय तशी द्यायची हुती. नव्याची नवी."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, हातांना पीठ होतं म्हणून.

"आन् मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधीतरी द्याल."

मी तिथं उभी होते आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं. दोघंही आपापल्या जागी वाट बघत राहिले होते, एका छपराखाली, आणि मधे ती सायकल लोंबकळत होती.

आत्याबाईंनी पदराला हात पुसले. "ती कानस द्या इकडं."

मामा उठले. फळीवरचं खोकं काढलं, कानस काढली, आपल्या सदऱ्याला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. मग फ्रेम उलटी करून दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली.

"आडवी धर. फिरवत फिरवत घे," ते म्हणाले. "एका अंगाला दाबू नको."

"कळतंय मला."

पहिली कडी त्यांनी घासली. किर्र किर्र असा बारीक आवाज येत होता आणि त्यांच्या पिठाळ मनगटावर लोखंडाचा भुगा पडत होता. मामांचा जबडा प्रत्येक फेऱ्याला आवळायचा. पण गुडघे हलले नाहीत. मी कव्हर लावून पाहिलं. अडलं. आणखी चार फेरे. पुन्हा लावलं आणि ते गेलं, जरा कुरकुरत, पण गेलं. बशीर मिस्त्रीचा डाग जागचा हलला नाही.

दुसरीही आत्याबाईंनीच केली. तिसरीच्या वेळी मामा म्हणाले, "ही मी करू?"

आत्याबाईंनी कानस त्यांना दिली आणि फ्रेम आपण धरली.

संध्याकाळपर्यंत जाड कव्हर तिन्ही कड्यांतून ओवून झालं, वायर ताणून झाली, ब्रेकच्या गुटक्या चाकाला लागल्या. मी सायकल दुकानाबाहेर काढली आणि टांग टाकणार तोच आत्याबाईंनी हँडल धरलं.

"थांब. आधी मी."

"आत्याबाई, अहो, हँडल खाली वाकलेलं आहे, सवय नाही तुम्हाला..."

"बाजूला हो."

त्यांनी लुगड्याचा कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला आणि पायरीवरून टांग टाकली. पहिले चार हात सायकल डुगडुगली. मग ती सरळ झाली. आत्याबाई गल्लीतून निघाल्या, पाठ वाकवून, कोपरं आत घेऊन, अगदी पद्धतशीर. समोरच्या ओट्यावर बसलेला सदूभाऊ तोंडातलं पान विसरला.

"काय गोपाळराव," तो ओरडला, "म्हातारपणी हे काय काढलं?"

मामा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिची सायकल हाय!"

गल्लीच्या टोकाला आत्याबाई वळल्या, उतारानं जोरात परत आल्या आणि आमच्या पुढ्यात त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागचं चाक घसटत जागच्या जागी थांबलं. त्या धापा टाकत होत्या. कपाळावरचं कुंकू घामानं फाकलं होतं.

"धरतोय," त्या म्हणाल्या. "आता जा."

शर्यतीच्या दिवशी तपासणीच्या पंचानं दांड्याखाली हात फिरवून तिन्ही कड्या चाचपल्या आणि मान डोलावली. चढ मात्र मला जड गेला. पायाची नळी ठणकत होती. पाचगणीला वळले तेव्हा माझ्यापुढं सहा जणी होत्या आणि घ्यायच्या होत्या चौघी. उतारावरच जे काय करायचं ते करायचं होतं.

पण उताराला लागले आणि माझी बोटं ब्रेकवरून सुटेनात. जरा वेग आला की हात आपोआप आवळायचा. कानात ते 'फट्' ऐकू यायचं. ब्रेक दरवेळी धरत होता, छान धरत होता, तरी मी दाबतच होते. पुढच्या पोरी लांब चालल्या होत्या. त्यांच्या पाठी वळणाआड दिसेनाशा व्हायला लागल्या. मनाला शिव्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं भीतीचं असतं.

मग ते धरणाचं पाणी दिसणारं वळण आलं. कठड्याला मोपेड टेकवलेली होती आणि शेजारी दोघं उभी होती. मला बघताच मामांनी हाताचा पंजा खालीवर करायला सुरुवात केली. "सावकाश! सावकाश गं!"

त्यांचा हात आत्याबाईंनी खाली ओढला. त्या कठड्याच्या दगडावर चढून उभ्या होत्या, पदर खोचलेला.

"ह्यांचं नको ऐकू!" त्या ओरडल्या. "धरतोय तो, मी बघितलाय! सोड! सोड गं पोरी!"

मी सोडला.

वळण अंगावर आलं आणि मागं गेलं. वारा कानात भरला. पसरणी गावाच्या वर एकीला गाठलं, गावापाशी दुसरीला, आणि वाईत शिरता शिरता तिसरीला. शेवटच्या रेघेवर माझ्यापुढं तिघीच होत्या. चौथी मी.

घरी आले तर माणसं जमली होती. सदूभाऊनं पेढे आणले होते, आपणच मला घाटात ढकलत नेल्यासारखा तो वाटत होता. सगळे गेल्यावर आत्याबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. "खाली येताना बरी आलीस," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मामा दुकानात सायकल पुसत होते. चाकं पुसली, दांडा पुसला, तिन्ही कड्यांवरून फडकं फिरवलं. मग सवयीनं सायकल उचलून ते हुकाखाली गेले. हात वर नेले आणि तसेच थांबले. थोडा वेळ सायकल डोक्यावर धरून उभे राहिले. मग ती हळूच खाली ठेवली आणि आतल्या दाराशी आले.

"अनू," त्यांनी हाक मारली. त्यांच्या तोंडून हे नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "वर टांगू, का खाली ऱ्हाऊ दे?"

आत तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला.

"खालीच ऱ्हाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळी मला दूध आणायला जायचंय."